दूध न पाजणारी माता व आपलें कर्तव्य

खेड्यांतील घरीं जनावरें व मुलें एकाच अंगणांत वाढतात, म्हणून जनावरांविषयींचे पुष्कळ प्रश्न तेथें प्रथम मुलांच्या तोंडून निघतात. त्यांपैकीं एक प्रश्न असा: "सशिणीनें पिलें घातलीं, पण ती त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, आतां त्यांचें काय करावें?" नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ज्यांच्या दारीं लाल कंधारी गाय किंवा देवणी बैल बांधलेला आहे, ज्यांच्या घरीं दोन-चार उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांना सशाचें बोटाएवढें पिलूं म्हणजे कांहींच वाटत नाहीं. जगलें तर जगलें, मेलें तर मेलें, असें म्हणून मोठीं माणसें आपल्या कामाला लागतात. मूल मात्र खोक्याशीं बसून राहतें.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे लक्षपूर्वक पाहिलें तर त्यांत तीन प्रश्न आढळतात. जी आई दूध पाजीत नाहीं ती दोषी आहे काय? तिच्या पिलांचा भार आपल्यावर येतो काय? आणि येत असल्यास तो कोठपर्यंत वाहावा? हे प्रश्न सशापुरतेच नाहींत हें वाचकांच्या लक्षांत येईलच. तरी आरंभ सशापासूनच करूं.

प्रथम वस्तुस्थिति पाहिली पाहिजे. शेळी व्याली कीं करडूं थोड्या वेळांत उभें राहून आंचळ शोधूं लागतें. गाईचें वासरूं दिवसांतून अनेक वेळां आईला लुचतें. ज्या आया आपण रोज पाहतों त्या अशा असल्यामुळें, आई म्हणजे सदा पिलाजवळ असणारी, असें माप आपल्या मनांत ठरून गेलें आहे. सशिणीला तें माप लागू पडत नाहीं. पाळीव सशीण सुमारें ३१ दिवस गाभण राहते. विण्यापूर्वीं ती आपल्या अंगावरचे केंस स्वतः उपटून घरटें मऊ करते. पिलें जन्मतात तीं उघडीं-नागडीं व मिटल्या डोळ्यांचीं असतात. मध्यम जातींत एकेकाचें वजन सुमारें ५० ग्रॅम भरतें, व डोळे उघडावयास दहा-बारा दिवस लागतात. अशा पिलांना केंसांखालीं झांकून आई दूर जाऊन बसते. चोवीस तासांत ती बहुधा एकदांच, फार तर दोनदां, रात्रीं किंवा पहांटे येते, तीन ते पांच मिनिटें दूध पाजते, आणि पुन्हां निघून जाते. ती पिलांना कुशींत घेऊन निजत नाहीं कीं चाटीत बसत नाहीं.

हें निष्ठुरपण नव्हे. आपल्याकडील पाळीव ससा मूळच्या युरोपांतील, विशेषतः स्पेनकडील, जंगली सशाचा वंशज आहे. कोल्ह्यासारख्या शत्रूंनीं भरलेल्या रानांत आई जितका वेळ बिळाशीं घुटमळेल तितका पिलांचा पत्ता शत्रूला लागेल. म्हणून तिचें दूर राहणें हेंच तिचें राखण होय. त्या अल्प वेळांत पिलांचें पोट भरावें अशीहि योजना आहे. २००३ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, सशिणीच्या दुधांतील एका विशिष्ट वासाच्या द्रव्यामुळें आंधळीं पिलें क्षणार्धांत आंचळाकडे वळून तें तोंडांत धरतात. आणि दूधहि फार दाट असतें. गाईच्या दुधांत शेंकडा सुमारें चार भाग स्निग्धांश असतो. सशिणीच्या दुधांत तो दहाहून अधिक असतो, आणि प्रथिनें गाईच्या दुधाच्या तिपटीहून अधिक असतात.

तेव्हां आई दिवसभर पिलांजवळ दिसली नाहीं, एवढ्यावरून तिनें त्यांना टाकलें असें म्हणतां येत नाहीं. साक्ष पिलाच्या पोटाची घ्यावी. सकाळीं हात स्वच्छ धुवून, घरट्यांतील गवत व केंस हाताला चोळून एकेक पिलूं हळूच उचलावें. पोट गोल व ताणलेलें असून अंग उबदार असेल, तर आई रात्रीं येऊन गेली असें समजावें आणि पिलूं होतें तेथें ठेवून द्यावें. पोट आंत गेलेलें, कातडीला सुरकुत्या पडलेल्या व अंग गार असेल, तरच चिंतेचें कारण आहे. माणसाचा हात लागला कीं सशीण पिलें टाकते, ही समजूत पाळीव सशिणीविषयीं बहुतांशीं निराधार आहे.

शेतांतील रानससा याहून निराळा. तो पाळीव सशाच्या जातीचा नव्हे. दोघांना आपण एकच नांव देतों इतकेंच. त्याचीं पिलें अंगावर केंस घेऊन व उघड्या डोळ्यांनीं जन्मतात, आणि बिळांत न राहतां गवतांत निश्चल बसून राहतात. आई दूर असते. रानसशांच्या ज्या जातींचा बारकाईनें अभ्यास झाला आहे, त्यांत ती बहुधा सूर्यास्तानंतर एकदां येऊन दूध पाजते असें आढळलें आहे. आपल्याकडे सोयाबीन काढतांना किंवा तुरीच्या ओळींतून जातांना असें पिलूं दृष्टीस पडतें. तें पळत नाहीं, आई कोठें दिसत नाहीं. मग कोणी दयाळू मनुष्य "बिचारें पोरकें झालें" म्हणून त्याला पदरांत घालून घरीं आणतो. संध्याकाळीं आई येते तेव्हां जागा रिकामी असते. दया म्हणून केलेल्या या कृत्याला त्या आईच्या बाजूनें पाहिलें तर चोरी हेंच नांव द्यावें लागेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानससा संरक्षित आहे. त्याला पकडणें किंवा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. समजा, पोटाची साक्ष घेतली आणि पाळीव सशिणीनें खरोखरच दूध पाजलेलें नाहीं असें ठरलें. मग तरी ती दोषी आहे काय? कारणें शोधूं गेल्यास तीं पुष्कळ सांपडतात. पहिलटकरीण असल्यास तिला घरटें कसें करावें हें कळत नाहीं; ती पिलें जाळीवर इकडे तिकडे टाकते. पिंजऱ्याशेजारीं कुत्रें फिरत असेल, किंवा मुलें तासातासाला खोकें उघडून पाहत असतील, तर ती भ्यालेली असते. आंचळें सुजून तापलीं असतील, ज्याला आपण गाईम्हशींत दगडी म्हणतों, तर पिलाचें तोंड लागतांच तिला असह्य वेदना होते. आणि मराठवाड्यांतील उन्हाळ्यांत, पारा ४० अंशांच्या वर गेला असतां, पत्र्याखालीं ठेवलेली सशीण खात नाहीं. खात नाहीं म्हणून दूध आटतें. दूध देणाऱ्या सशिणीला दिवसाला लिटरभर पाणी लागूं शकतें. तिच्यापुढें असते ती दुपारींच कोरडी पडलेली वाटी. या कारणांत तिचें स्वतःचें असें किती आहे? पिंजरा तिनें बांधला नाहीं, त्याची जागा तिनें निवडली नाहीं, वाटी तिला भरतां येत नाहीं.

ईयोबाच्या पुस्तकांत शहामृगीचें वर्णन आहे. ती आपलीं अंडीं धुळींत टाकून जाते आणि पिलांशीं परक्यासारखी वागते, असें तेथें सांगितलें आहे. पण तिच्यावर दोषारोप केलेला नाहीं. तिला त्या बाबतींत बुद्धि दिली गेली नाहीं, एवढेंच म्हटलें आहे. पशूच्या मातेविषयीं न्याय करतांना हें माप योग्य होय.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. जो निवाडा आपण सशिणीवर करतों तोच आपण आपल्या लेकीसुनांवर करीत असतों, आणि तोहि पोटाची साक्ष न घेतां. बाळंतिणीला दूध आलें नाहीं कीं शेजारणी कुजबुजतात. ती मुलाकडे पाहून हंसत नाहीं, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, कीं तिला पाषाणहृदयी ठरविलें जातें. बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांना मनाचा खरा आजार होतो, तो ताप-खोकल्याइतकाच खरा असतो व उपचारांनीं बरा होतो, हें आज डॉक्टर जाणतात. परंतु गांवांत तें पोहोंचलेलें नाहीं. मुखेड-कंधारकडून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयाहि असतात. पहांटे फडांत शिरलेली बाई मोळी बांधून डोक्यावरून वाहते आणि मूल बांधावर झोळींत असतें. त्या मुलाला वेळेवर दूध मिळत नाहीं. तेथें "आई पाजीत नाहीं" हें वाक्य खरें आहे, पण त्याचा कर्ता चुकलेला आहे. तिला भाकरी, पाणी, विश्रांति व सावली कोणीं दिली नाहीं, हा प्रश्न आधीं विचारावयाचा आहे. दूध न पाजणारी माता दिसली कीं तिला काय कमी पडलें याची चौकशी करावी. तिच्यावर निवाडा करण्याचा अधिकार त्यापूर्वीं कोणालाहि येत नाहीं.

दुसरा प्रश्न आपल्या कर्तव्याचा. रानसशाच्या पिलाविषयीं आपलें कर्तव्य बहुधा दूर राहण्याचें आहे. उचललें असेल तर उचललेल्या जागीं, जवळच्या आडोशाला, परत ठेवावें; जखमी असेल किंवा आई मेलेली डोळ्यांनीं पाहिली असेल तर वनखात्याला कळवावें. पाळीव सशाची गोष्ट वेगळी आहे. मोकळी असती तर ती सशीण आपली जागा स्वतः निवडती, बीळ खणती, भय वाटतांच पळती. तें सर्व आपण तिच्याकडून काढून घेतलें. ज्यानें तिची निवड काढून घेतली, त्यानें त्या निवडीनें होणारें कामहि आपल्या शिरावर घेतलें. म्हणून पिंजऱ्यांतील भुकेलेल्या पिलाला आपण जें देतों तें दान नव्हे, तें देणें आहे. दान करणें न करणें आपल्या इच्छेवर असतें. देणें फेडावेंच लागतें. म्हणून घरच्या पिलाला सांभाळणें आणि रानांतल्या पिलाला न शिवणें हीं दोन्ही एकाच न्यायानें ठरतात.

यावर दोन आक्षेप येतात. कोणी म्हणतो, "ससे आम्ही मांसासाठीं पाळतों. ज्याला उद्यां कापावयाचें त्याला आज थेंबथेंब दूध पाजणें हें ढोंग नव्हे काय?" मांसाहाराचा वाद येथें नको. एवढेंच विचारतों: लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत जो शेतकरी आपला बैल विकावयास नेतो, तो आदल्या रात्रीं त्याला उपाशी बांधतो काय? उद्यां तो परक्याचा होणार हें ठाऊक असूनहि तो त्याच्यापुढें वैरण टाकतो, पाणी दाखवितो. जनावर दावणीला आहे तोंवर त्याचें पोट आपल्याकडे, हा नियम आपल्या शेतकऱ्याला कोणीं शिकवावा लागत नाहीं. कापण्याचा अधिकार कोणी सांगत असला, तरी उपासानें झिजवून मारण्याचा अधिकार त्यांतून निघत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. "माणसांचीं लेंकरें उपाशी असतां सशाच्या पिलाची काळजी कशाला?" घरांत एकच वाटी दूध असेल आणि मूल भुकेलें असेल, तर ती वाटी मुलाची आहे, त्यांत शंका नाहीं. परंतु असा प्रसंग क्वचितच असतो. बहुतेक वेळीं पिलाला लागतात ते चार थेंब, थोडी ऊब व थोडें लक्ष. आणि त्यानें कोणाच्याहि ताटांतलें कमी होत नाहीं. जनावरावर दया करणारा माणसावर दया करीलच, असें मी म्हणणार नाहीं. जगांत उलट उदाहरणें पुष्कळ आहेत. पण असहाय जिवापुढें काय करावें याचा जो क्रम मूल खोक्याशीं बसून शिकतें, तो क्रम त्याला पुढें माणसांच्या उपयोगीं पडतो. म्हणून तो क्रम सांगतों.

पहिली गोष्ट ऊब. गारठलेल्या पिलाला दूध पाजूं नये; त्याचें पोट तें पचवीत नाहीं व तें मरतें. आधीं त्याला तळहातांत धरून किंवा कापडांत गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारीं ठेवून अंग उबदार करावें. मग सर्व पिलें आईच्याच उपटलेल्या केंसांत एकत्र ठेवावीं, म्हणजे तीं एकमेकांना ऊब देतात.

दुसरी गोष्ट आई. तिला पाणी, चांगला चारा, अंधारी शांत जागा व आडोसा द्यावा. पिलें बाहेर पडलीं असल्यास घरट्यांत ठेवावीं. तरीहि ती जात नसेल तर एका जाणत्या माणसानें तिला हळूवारपणें घरट्यावर धरावें व पिलांना पिऊं द्यावें. शेळी करडाला घेत नसली तर धनगर हेंच करतो. दोन-चार दिवसांत कित्येक आया आपोआप पाजूं लागतात. आंचळें तापलीं असल्यास पशुवैद्याकडे न्यावें. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणीं सरकारी दवाखाने आहेत.

तिसरी गोष्ट दुसरी आई. दोन सशिणी दोन-तीन दिवसांच्या अंतरानें व्याल्या असतील, तर एकीचीं पिलें दुसरीच्या पिलांत मिसळावीं. त्या घरट्यांतले केंस अंगाला चोळले कीं ती बहुधा भेद करीत नाहीं. हातानें पाजण्यापेक्षां हा उपाय पुष्कळ पटीनें चांगला आहे. म्हणून जाणते लोक दोन माद्या एकाच वेळीं व्यातील अशी योजना ठेवतात.

चौथी व शेवटची गोष्ट आपला हात. दुसरा इलाजच नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें, मांजराच्या पिलांसाठीं मिळणारें दूध किंवा तें न मिळाल्यास शेळीचें दूध, कोमट करून, औषधाच्या ड्रॉपरनें थेंबथेंब पाजावें. पिलाला उताणें धरूं नये. पोटावर, डोकें किंचित् वर, असें धरावें व त्याच्या गिळण्याच्या वेगानें पाजावें. घाईनें पिळलेलें दूध फुप्फुसांत जातें आणि भुकेनें न मेलेलें पिलूं दयेनें मरतें. पाजल्यावर कोमट ओल्या कापसानें पोटाच्या खालचा भाग हळूच पुसावा, म्हणजे तें मलमूत्र करतें.

हा क्रम केवळ सशाचा नाहीं. १९७८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरांत, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असतां, डॉक्टर एद्गार रे यांनीं अपुऱ्या दिवसांचीं बालकें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. आज ती जगभर मान्य आहे. तेथेंहि आरंभ उबेपासूनच आहे. १९८९ सालीं मुंबईच्या सायन रुग्णालयांत डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एका आईचें दूध दुसऱ्या आईच्या बालकाला देण्याची ती व्यवस्था आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर-उस्मानाबादचीं गांवें ढिगाऱ्याखालीं गेलीं, तेव्हां भारतीय जैन संघटनेनें सुमारें १२०० मुलें पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. ज्यांनीं हें केलें त्यांनीं प्रथम आसरा दिला, आणि कोणाचा दोष हें विचारीत बसले नाहींत.

तिसरा प्रश्न मर्यादेचा. सर्व करूनहि हातावर वाढविलेलीं नवजात पिलें पुष्कळदां मरतात. सशिणीच्या दुधापासून पिलाच्या जठरांत रोगजंतूंना आवरणारीं द्रव्यें तयार होतात. तीं दुसऱ्या दुधानें मिळत नाहींत. म्हणून मुलाला "तूं पाजशील तर तें जगेलच" असें वचन देऊं नये. खोटें वचन मोडलें कीं मूल दोन धडे शिकतें: एक, मोठीं माणसें खोटें बोलतात, दुसरा, काळजी करणें व्यर्थ आहे. त्यापेक्षां खरें सांगावें, "आपण करावयाचें तें करूं, तें कदाचित् मरेल, पण गारठून व एकटें मरणार नाहीं." फळ आपल्या हातीं नसलें तरी देणें फेडण्याचें काम आपल्या हातीं असतें, आणि तें फेडलें कीं मनुष्याला शांतपणें खड्डा खणून पिलाला पुरतां येतें.

शेवटीं एक सूचना. हें कर्तव्य पिलें जन्मल्यावर सुरू होत नाहीं. व्याल्या दिवशींच सशीण पुन्हां गाभण राहूं शकते. म्हणून नर वेगळा ठेवावा. ज्या सशिणीनें दोन-तीन वेतें टाकलीं तिला पुन्हां विऊं देऊं नये. ज्याच्याजवळ सावली, पाणी व वेळ नाहीं, त्यानें ससे आणूंच नयेत. जो भार वाहतां येत नाहीं तो न उचलणें हेंहि कर्तव्यच आहे. बंधुभगिनींनो, तुमच्या अंगणांत खोक्याशीं बसलेलें मूल दिसलें तर त्याला हांकलून देऊं नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा, पिलूं हातांत घ्या, आणि त्याला प्रथम पोट पाहावयास शिकवा.